कोबेची ताटली, ओसाकाचा वाडगा

जपानच्या कोबे शहरात ज्या हॉटेलांना अस्सल कोबे बीफ विकायची मान्यता असते, तिथे मांसाआधी कागद समोर येतो. सान्नोमिया स्टेशनजवळ मी जिथे जेवले, तिथे तो काउंटरवरच एका लाकडी चौकटीत उभा करून ठेवला होता. त्यावर जनावराचा दहा आकडी क्रमांक. तो फोनवर टाकला की पुढचं सगळं कळतं: कुठल्या तारखेला जन्मलं, कुणाच्या गोठ्यात जन्मलं, पुढे कुणी वाढवलं, बाप कोण, कुठे कापलं. आपल्याकडे जमिनीचा सातबारा असतो, तसा हा एका वासराचा सातबारा. माणूस ते सगळं वाचतो आणि मगच त्याच्या पुढ्यात घास येतो.

ही शिस्त पिढीजात नाही. २००१ च्या सप्टेंबरमध्ये जपानमध्ये 'मॅड काऊ' रोगाचं पहिलं जनावर सापडलं, लोक बीफला हात लावेनात, आणि २००३ साली प्रत्येक गुराला क्रमांक देऊन शेवटपर्यंत त्याचा माग ठेवण्याचा कायदा झाला. कोबे बीफच्या अटी त्याहून कडक आहेत. जनावर ताजिमा वंशाचंच हवं, ह्योगो प्रांतातच जन्मलेलं आणि वाढलेलं हवं, त्याच प्रांतातल्या ठरावीक कत्तलखान्यांत कापलेलं हवं. मांसात चरबीची नक्षी किती, याची १ ते १२ अशी मोजपट्टी असते, त्यात किमान ६ यावे लागतात. एवढ्या चाळण्यांतून पार पडणारी जनावरं वर्षाला काही हजारच. २०१२ पर्यंत तर ते जपानबाहेर अधिकृतपणे विकलंही जात नव्हतं. तोवर जगभरच्या हॉटेलांत 'कोबे' म्हणून जे खपलं, ते कोबे नव्हतं.

वंशावळीचा भाग मला सगळ्यात विलक्षण वाटला. ताजिमा म्हणजे ह्योगोचा उत्तरेकडचा डोंगराळ मुलूख. तिथली गुरं मुळात खाण्यासाठी नव्हतीच. डोंगरउतारावरच्या चिंचोळ्या भातखाचरांत नांगर ओढायचा, ओझी वाहायची, आणि रात्री माणसांच्याच छपराखाली, घरातल्या गोठ्यात राहायचं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला सरकारने युरोपातून वळू आणून संकर सुरू केला. गुरं अंगाने मोठी झाली, पण मांसाचा दर्जा गेला. भानावर येऊन शुद्ध ताजिमा गुरं शोधायला गेले, तर आत्सुता नावाच्या दुर्गम दरीतल्या एका वाडीत फक्त चार सापडली. त्यांच्याच वंशात १९३९ साली ओजिरो भागात ताजिरी नावाचा वळू जन्मला. आज जपानभरच्या काळ्या वाग्यू, म्हणजे देशी मांसाळ जातीच्या, गाईंची मुळं शोधत गेलं, तर जवळजवळ सगळ्या त्या एका वळूपाशी येऊन पोहोचतात. बिअर पाजतात, मालिश करतात, गाणी ऐकवतात असल्या गोष्टी पर्यटकांना फार सांगितल्या जातात. मला त्या चार गुरांची गोष्ट त्याहून मोठी वाटते. एक दरी, चार जिवंत जनावरं आणि ती जपणारे शेतकरी, एवढ्या धाग्यावर हे सगळं वैभव लटकलं होतं.

आता चव. लोखंडी तव्यामागे उभा असलेला आचारी पन्नाशीचा असावा. त्याने आधी लसणाचे कागदासारखे पातळ काप चरबीत सोनेरी होईतो तळले आणि बाजूला काढले. मग मांसाचा तुकडा तव्यावर ठेवला, फारसा न हलवता दोन्ही बाजूंनी भाजला आणि सुरीने चौकोनी फोडी केल्या. पहिली फोड नुसत्या मिठासोबत खा, असं त्याने खुणेने सांगितलं. या जातीच्या चरबीचं वैशिष्ट्य असं की ती आपल्या अंगाच्या उष्णतेपेक्षाही कमी तापमानाला वितळते. त्यामुळे दातांना काही काम उरतच नाही. आधी तोंडभर गोडसर वास पसरतो, मग मांसाची चव येते, आणि आली म्हणेपर्यंत संपते. दुसरी फोड वसाबीसोबत, तिसरी लसणाच्या कापांसोबत. शेवटी तव्यावर उरलेल्या चरबीत मोड आलेली कडधान्यं परतून दिली.

ते अप्रतिम होतं. डोळे मिटून खाल्लं मी. पण चौथ्या-पाचव्या घासाला जीभ तृप्त होऊन थांबते, हेही खरं. मी सोबत थोडं लाल, कमी चरबीचं मांस मागवलं होतं, आणि मनापासून सांगते, मला तेच जास्त आवडलं. त्याला चावा होता, रस होता. ते खाताना मला आजीची आठवण आली. चरबीच्या फोडी खाताना नव्हती आली.

माझं घर मराठवाड्यातलं, बौद्ध. आमच्याकडे हे मांस बाजारात सगळ्यात स्वस्त मिळायचं, म्हणून घरी यायचं. आठवडी बाजाराच्या दिवशी आजोबा आणायचे, त्या दिवशी रस्सा आणि भाकरी. जास्तीचं असलं की आजी त्याच्या लांब पट्ट्या कापायची, मीठ लावून दोरीवर उन्हात वाळत घालायची. त्या चान्या. पावसाळ्यात हाताला काम नसे तेव्हा त्यातल्या दोन-चार निखाऱ्यावर भाजल्या तरी घराचं भागायचं. कावळे हाकलायला आम्हा पोरांना काठी घेऊन बसवायचे. हे सगळं घराच्या मागच्या बाजूला चालायचं, पुढच्या अंगणात कधीच नाही. शाळेच्या डब्यात काय न्यायचं नाही, हे मला कुणी शिकवल्याचं आठवत नाही. ते आम्हाला ठाऊकच होतं. एकदा वर्गातल्या एका मुलीने माझ्या दप्तराचा वास घेतला आणि बाक बदलला. दप्तरात भूगोलाचं पुस्तक होतं.

महाराष्ट्रात गाईची कत्तल १९७६ च्या कायद्यानेच बंद होती, २०१५ च्या मार्चपासून बैल आणि वळूही त्यात आले. आता म्हशीचंच मिळतं. त्या वादात मी इथे शिरत नाही. पोळ्याला ज्या शेतकऱ्याच्या घरी बैलाची पूजा होते, त्याच्या मनातली माया खोटी आहे असं मी कधीच म्हणणार नाही. ताजिमाच्या शेतकऱ्याचीही तीच माया आहे. वासरू विकायला बाजारात नेताना रडणाऱ्या बायका तिथेही आहेत. कोबेच्या त्या काउंटरवर मला छळत होता तो वेगळाच प्रश्न. माझ्या आजीच्या दोरीवर जे लाजेचं होतं, ते इथे चौकटीतल्या कागदासह, दहा हजार येनांच्या वर किमतीला, मान लववून वाढलं जात होतं. मांस एकच. मग लाज नक्की कशाला चिकटलेली असते?

जपानचा इतिहास वाचला तर हा प्रश्न तिथेही विचारला गेलेला दिसतो. इसवी सन ६७५ मध्ये सम्राट तेन्मूने गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचं मांस वर्षातले काही महिने वर्ज्य केलं. बौद्ध धर्माचा तो प्रभाव होता, आणि नांगराची जनावरं जपण्याची व्यावहारिक गरजही होती. पुढे हजारहून जास्त वर्षं चार पायांच्या जनावराचं मांस प्रतिष्ठित ताटातून गेलं. अर्थात वाटा निघतच होत्या. हिकोने संस्थानातून शोगुनाला, म्हणजे देशाच्या लष्करी सत्ताधीशाला, मिसोत (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्यात) मुरवलेलं गोमांस भेट म्हणून जायचं, औषध या नावाखाली. पण मेलेली गुरं ओढणारे, कातडी सोलणारे, कमावणारे लोक मात्र गावाबाहेर ढकलले गेले. त्यांचं काम सगळ्यांना हवं होतं. युद्धाचं चिलखत, घोड्याचं खोगीर, देवळातला ढोल, सगळ्याला चामडं लागायचं. त्यांना शिवायचं मात्र नाही. त्यांच्या वंशजांना आज बुराकुमिन म्हणतात.

१ जानेवारी १८६८ ला कोबे बंदर परदेशी जहाजांना खुलं झालं. गोऱ्या व्यापाऱ्यांना बीफ हवं होतं, जवळच्या डोंगरात ताजिमाची गुरं होती, आणि तिथून या मांसाचा लौकिक सुरू झाला. १८७१ मध्ये सरकारने हुकूम काढून अस्पृश्यांचा वेगळा दर्जा रद्द केला. १८७२ च्या सुरुवातीला सम्राट मेइजीने बीफ खाल्ल्याचं जाहीर झालं. या दोन घटनांमध्ये काही महिन्यांचंच अंतर आहे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, आता मांसही मुक्त झालं आणि माणूसही. तसं झालं नाही. पुढच्याच वर्षी, १८७३ मध्ये, मिमासाका भागातल्या शेतकऱ्यांच्या दंग्यात या लोकांच्या वस्त्या जाळल्या गेल्या, माणसं मारली गेली. हुकुमामुळे त्यांचा चामड्यावरचा पिढीजात हक्कही गेला, त्या धंद्यात पैसेवाले शिरले. बीफ मात्र वर चढत राहिलं. थोड्याच वर्षांत बीफची कढई ही सुधारलेपणाची खूण झाली.

जेवण झाल्यावर मी कितानो भागात चढून गेले. बंदर खुलं झाल्यावर परदेशी व्यापाऱ्यांनी बांधलेली जुनी घरं तिथे आहेत. त्याच उतारावर पांढऱ्या संगमरवरी दगडाचं जैन मंदिर आहे, मोत्यांच्या व्यापारासाठी आलेल्या भारतीय कुटुंबांनी १९८५ साली उभारलेलं. थोडं खाली १९३५ सालची मशीद, जपानमधली पहिली. बीफच्या जगप्रसिद्ध गावात कांदाही न खाणारी माणसं शांतपणे नांदतात, शेजाऱ्याच्या तव्यावर काय आहे याची चौकशी न करता. मला त्या चढावर फार बरं वाटलं.

मधल्या दिवसांत ताकायामालाही जाऊन आले. तिथे जुन्या लाकडी घरांच्या गल्लीत कुरकुरीत पापडीवर भात आणि त्यावर हलकेच भाजलेलं, त्या भागातलं हिदा बीफ ठेवून देतात, उभ्या उभ्या खायचं. छान होतं. गर्दी फार.

पण मी ज्यासाठी हा लेख लिहायला बसले ते ओसाकात घडलं. तिथल्या ऑफिसातली माझी सहकारी एका संध्याकाळी मला कासु-उदोन खायला घेऊन गेली. उदोन म्हणजे गव्हाच्या जाड शेवया, माशाच्या हलक्या रश्शातल्या. त्यावर तपकिरी, सुरकुतलेले, कुरकुरीत तुकडे. ते आबुराकासु: गुराच्या आतड्याचे तुकडे त्यांच्याच चरबीत मंद आचेवर तासन्‌तास तळतात, चरबी निथळून वेगळी होते आणि जे उरतं ते हे. रश्शात पडलं की त्याची बाहेरची कड मऊ होते, आत चिवट राहतं, आणि साध्या पाण्यासारख्या रश्शाला एकदम अंग येतं. मी वाडगा तोंडाला लावून शेवटचा थेंब प्याले. सहकारी म्हणाली, ओसाकात हे आता सगळीकडे मिळतं, रात्री दारू प्यायल्यावर पोरं हेच खातात.

हे कुठून आलं, असं मी विचारलं. तिला ठाऊक नव्हतं. फोनवर शोधत बसलो दोघी. आबुराकासु हे दक्षिण ओसाकातल्या बुराकु वस्त्यांचं खाणं. कत्तलखान्यात चांगलं मांस बाजारात जायचं, आतडी-कोथळे काम करणाऱ्यांच्या वाट्याला यायचे, आणि त्यांनी त्यातून हे घडवलं. ती वाचता वाचता गप्प झाली. मग म्हणाली, शाळेत एक तास होता याच्यावर, घरी मात्र कधी कुणी बोललं नाही.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी एकटीच दक्षिण ओसाकातल्याच हाबिकिनोच्या बाजूला गेले. एका मांसाच्या छोट्या दुकानात काचेमागे गडद लाल, जवळजवळ काळपट, वाळलेले लांब तुकडे मांडलेले होते. साइबोशी. मीठ लावून वाळवलेलं, धुरावर धरलेलं मांस. आता बहुतेक घोड्याचं करतात, पूर्वी गुराचंही करायचे. दुकानातल्या बाईंनी सुरीने त्याचे पातळ काप काढले, आल्याचा कीस आणि सोया सॉस सोबत दिला, आणि मी तिथेच उभी राहून तोंडात टाकला.

चान्या. थोडा धूर जास्त, तिखट नाही, पण तोच चिवटपणा, चावत राहावं तशी हळूहळू सुटणारी तीच खारट, खोल चव. गळा दाटून आला. बाईंना वाटलं मला आवडलं नाही. मी फोनवरच्या भाषांतराने त्यांना सांगितलं की माझी आजी अगदी हेच करायची, भारतात, दोरीवर वाळवून. त्यांनी ते दोनदा वाचलं, मग आतून नवऱ्याला बोलावून त्यालाही वाचायला लावलं. त्याने विचारलं, मीठ किती दिवस लावून ठेवता? मला सांगता येईना. मी तिथूनच आत्याला फोन लावला.

"त्यांच्याकडं समुद्राची वल्ली हवा आसंल की गं," आत्या म्हणाली, "मग वाळतंय कसं? म्हणून धूर देत असतील बघ. आपल्याकडं ऊनच एवढं, आपल्याला कशाला धूर लागतोय." मग थोडं थांबून म्हणाली, "आन् दुकानात मांडून इकत्यात? काचंत?"

काचेत मांडून विकतात, आत्या.

मग मी क्योटोला गेल्यावर ओकाझाकी भागात मुद्दाम थांबले. तिथे ३ मार्च १९२२ ला बुराकु समाजाने सुईहेईशा ही संघटना स्थापन केली. त्यांच्या जाहीरनाम्यात एक जागा आहे, जिथे ते म्हणतात की जनावरांची कातडी सोलण्याचं मोल म्हणून आमची जिवंतपणी कातडी सोलली गेली. कामगाराच्या कामालाच त्याची शिक्षा कसं बनवलं जातं, हे इतक्या थेट शब्दांत मी दुसरीकडे वाचलेलं नाही. पाच वर्षांनी, १९२७ च्या मार्चमध्ये, महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचं मांस सोडा, मेलेली ढोरं ओढणं सोडा असं सांगितलं. आमच्या घराण्यात पणजोबांनी त्यानंतर कधीतरी ढोर ओढणं सोडलं, ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकलेली. त्यासाठी गावाने त्यांच्यावर काय काय आणलं, तेही ऐकलेलं. तिकडे आपल्या कामाचा मान मागणारे, इकडे लादलेलं काम झुगारणारे. वाटा वेगळ्या दिसतात, पण दोघांना हवं होतं ते एकच, आणि पणजोबांनी उचललेलं पाऊल योग्यच होतं याबद्दल माझ्या मनात तिळभर शंका नाही.

एक गोष्ट मात्र मला पचवता आली नाही. आम्ही १९५६ नंतरचे बौद्ध. आमच्यासाठी बुद्ध म्हणजे त्या सगळ्यातून बाहेर पडण्याचं दार. नागपूरला भदंत सुरई ससाईंसारखे मूळचे जपानी भिक्खू आमच्यात येऊन आमचेच होऊन राहिले, त्यामुळे जपानबद्दल घरात एक वेगळा जिव्हाळा. आणि त्याच जपानमधल्या काही बौद्ध मंदिरांनी बुराकु माणसांच्या थडग्यांवर, मरणोत्तर नाव म्हणून, 'पशू', 'हीन' अशा अर्थाची अक्षरं कोरली होती. मेल्यानंतरही जात सुटू नये म्हणून. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात हे उजेडात आलं, तेव्हा पंथांना जाहीर माफी मागावी लागली. धम्म कुणाच्या हाती आहे यावर किती काही ठरतं, हे मी त्या दिवशी फार कडवटपणे शिकले.

परतीच्या आधी टोकियोत शिनागावाला गेले. स्टेशनाबाहेर काचेचे उंच मनोरे, त्यांच्यामध्येच शिबाउराचा कत्तलखाना आणि मांसबाजार. तिथे एका मजल्यावर लहानसं माहितीदालन आहे. गुरं कशी येतात, कातडीला चीर न पडता सुरी कशी चालवतात, कुठला भाग कशाला जातो, हे सगळं तिथे आदराने मांडलं आहे. कातडं काढताना एक चूक झाली तर ते वाया जातं, चरबीत सुरी जास्त गेली तर मांसाचा भाव पडतो. वर्षानुवर्षं शिकावं लागतं. आणि तिथेच, भिंतीवर, या कामगारांना लोकांनी नाव न लिहिता पाठवलेली पत्रं लावली आहेत. शिव्या, किळस, 'मरा' अशा भाषेत. जुन्या काळातली नव्हेत, आपल्या हयातीतली. ती लपवली नाहीत, हा त्या कामगारांचा निर्धार मला फार मोठा वाटला.

तिथे उभी असताना कोबेचा कागद आठवला. त्यावरच्या क्रमांकाने वासराच्या बापाचं नाव मिळत होतं, शेतकऱ्याचं मिळत होतं. ज्याच्या हाताने ते मांस मांस झालं, त्याचं मिळत नव्हतं. त्याची एक ओळ तिथे असायला हवी. नाव नाही तर निदान हुद्दा, इतक्या वर्षांचा कारागीर म्हणून. ती ओळ छापायला भीती वाटणार नाही, ना लिहिणाऱ्याला ना ज्याचं नाव आहे त्याच्या मुलांना, अशी वेळ यायला हवी.

तुम्ही जपानला जाणार असाल आणि बीफ खाणार असाल, तर कोबेला जरूर जा, पैसे साठवून जा, लाल मांसही मागवा. ओसाकात कासु-उदोन खाल्ल्याशिवाय निघू नका. आणि टोकियोत एक दुपार शिनागावासाठी ठेवा. स्टेशनाच्या कोनान बाजूने बाहेर पडलं की पायी काही मिनिटांवर ती इमारत आहे. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. कामाच्या दिवशी जा, शनिवार-रविवारी बंद असतं, आणि फोनवरचं भाषांतर सोबत ठेवा, कारण ती पत्रं वाचायची आहेत.